नाक्यावरची माळ संगणकात: आकड्याला एकक लावायची कृती

नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाच्या रांगेत उभं राहिलात की जांभळी नाक्यापासून डोक्यावर दिव्यांच्या माळाच माळा. त्यातली एक माळ आज आपण संगणकात लावणार आहोत आणि ती किती व्होल्ट घेते, किती मिलिअँपिअर ओढते, किती वॅट खाते ते मोजणार आहोत. काम तासाभराचं आहे. मात्र एक गोष्ट पक्की धरून चला: सिम्युलेटर आकडा देतो, तो आकडा कशाचा हे बहुतेक वेळा सांगत नाही. ते तुम्हालाच लावायचं असतं आणि तपासायचंही असतं. म्हणून आपल्या मांडणीत मी मुद्दाम एक गंमत ठेवली आहे. ६८.९३ हा आकडा दोनदा येईल, एकदा व्होल्ट म्हणून आणि एकदा मिलिअँपिअर म्हणून. वहीत एकक लिहिलं नसेल तर तुम्ही हमखास गोंधळाल, आणि लिहिलं असेल तर मजा येईल.

लागणारं साहित्य: एक संगणक, एनजीस्पाइस हा फुकट मिळणारा सिम्युलेटर, वही आणि पेन. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम तुमच्याकडे आधीपासून असेल तर उत्तमच, कारण त्याच्या पोटात एनजीस्पाइसच आहे.

टाइप करण्याबद्दल: सगळ्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत देते. तुम्ही टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. नवा शब्द आला की अक्षरं फोडून सांगते.

आणि हे आधीच सांगते, कळकळीने: ही माळ फक्त संगणकात लावायची. कपॅसिटरवर चालणाऱ्या अशा माळेत घरच्या लाइनपासून काहीही वेगळं केलेलं नसतं. उघड्या तारेला हात लागला तर तो थेट २३० व्होल्टला लागतो. घरी टेबलावर जोडून बघायचा मोह अजिबात नको.

आधी फाइल

१. वहीत चार रकाने आखा: नाव, एकक, आकडा, पडताळा. एककाचा रकाना आकड्याच्या आधी ठेवलाय तो जाणूनबुजून. आकडा पडद्यावर यायच्या आधी एकक लिहून झालं पाहिजे. उत्तर बघून एकक लावायला गेलात की मन सोयीचं एकक निवडतं.

२. एनजीस्पाइस बसवा. उबुंटूवर टर्मिनलमध्ये «सुडो ऍप्ट इन्स्टॉल एनजीस्पाइस» पुरतं. विंडोजवर त्यांच्या संकेतस्थळावरची दाबलेली फाइल उतरवून उलगडा.

३. नोटपॅड किंवा कुठलाही साधा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम उघडा आणि पहिल्या ओळीत फक्त माळेचं नाव लिहा: «माळ», म्हणजे एम-ए-ए-एल. सांभाळा: पहिली ओळ सिम्युलेटर शीर्षक म्हणून घेतो आणि सर्किटमध्ये धरत नाही. इथेच व्होल्टेजची ओळ लिहिलीत तर वीजपुरवठाच गायब होतो आणि तुम्ही अर्धा तास दुसरीकडे शोधत बसता.

४. दुसऱ्या ओळीत लाइनचा पुरवठा लिहा:

व्ही१ १ ० डीसी ० एसी १ साइन(० ३२५.२७ ५०)

साइन म्हणजे एस-आय-एन. व्ही१ हे नाव, मग १ आणि ० ही दोन टोकं. कंसातला शेवटचा ५० हा हर्ट्झमध्ये आहे. आता मधला ३२५.२७ बघा. आपल्या भिंतीतल्या पॉइंटचे २३० व्होल्ट हे आरएमएस असतात, साइनच्या कंसात मात्र शिखराची किंमत द्यावी लागते. २३० ला १.४१४२ ने गुणा, ३२५.२७ येतात. सांभाळा: इथे २३० लिहिलंत तर कुठेही चूक दाखवली जाणार नाही, वॅट तेवढे निम्मे येतील.

५. तिसऱ्या ओळीत कपॅसिटर लिहा:

सी१ १ २ १यू

यू म्हणजे मायक्रो, आणि १ व यू यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. इथे जरा थांबा, कारण एककांचे सगळ्यात वाईट अपघात या एका अक्षरावर होतात. एनजीस्पाइस लहान-मोठं अक्षर ओळखत नाही, त्यामुळे लहान एम आणि मोठा एम दोन्ही मिलीच. मेगा हवं असेल तर एम-ई-जी अशी तिन्ही अक्षरं लिहावी लागतात. म्हणजे १ मेगाओहमच्या जागी नुसतं १एम लिहिलंत तर मिळेल हजारांश ओहम, म्हणजे जवळजवळ उघडी तार. आणि फॅरडचं एफ? १यूएफ लिहिलं तर चालतं, कारण यू आधी वाचलं जातं आणि पुढचं अक्षर सोडून दिलं जातं. पण नुसतं १एफ लिहिलं की ते फेम्टो होतं, दशांश चिन्हामागे चौदा शून्यं आणि मग १. म्हणून माझी सवय घ्या: किंमतीमागे फक्त उपसर्गाचं अक्षर, एककाचं कधीच नाही.

६. चौथ्या ओळीत मीटर बसवा:

व्हीएम २ ३ डीसी ०

शून्य व्होल्टचा हा पुरवठा म्हणजे आपला अँपिअर-मीटर. सर्किटला तो काही करत नाही, फक्त त्यातून जाणारा करंट आपल्याला वाचता येतो. सांभाळा: २ आधी, ३ नंतर. क्रम उलटा केलात तर करंट उणे चिन्हाने येईल.

७. पाचव्या ओळीत दिव्यांच्या जागी एक रेझिस्टर लिहा:

आर१ ३ ० १के

खऱ्या माळेत इथे एलईडींची रांग आणि डायोडचा ब्रिज असतो. पण एकक शिकताना एक किलोओहमचा साधा रेझिस्टर बरा, कारण प्रत्येक उत्तर कागदावर ताडून बघता येतं.

८. सहाव्या ओळीत किती वेळ चालवायचं ते सांगा:

.ट्रॅन १०यू ६०एम ० १०यू

ट्रॅन म्हणजे टी-आर-ए-एन, आणि त्याच्या आधीचं टिंब विसरू नका. सगळे आकडे सेकंदात: १० मायक्रोसेकंदाची पावलं आणि एकूण ६० मिलिसेकंद, म्हणजे लाइनची तीन आवर्तनं.

९. शेवटच्या ओळीत «.एंड» लिहा, टिंबासकट.

१०. फाइल «माळ.सीआयआर» नावाने साठवा. सांभाळा: विंडोजचा नोटपॅड गुपचूप शेवटी टीएक्सटी चिकटवतो. साठवताना फाइलच्या प्रकारात सगळ्या फाइली हा पर्याय निवडा.

चालवा आणि आत काय आहे ते बघा

११. ज्या फोल्डरमध्ये फाइल आहे तिथून एनजीस्पाइस सुरू करा. दुसऱ्या फोल्डरमधून उघडलंत तर फाइल सापडत नाही अशी तक्रार येईल. तेव्हा सीडी आज्ञेने योग्य फोल्डरमध्ये जा.

१२. सर्किट आत घ्या: «सोर्स माळ.सीआयआर». सोर्स म्हणजे एस-ओ-यू-आर-सी-ई.

१३. «रन» टाइप करा. क्षणात होतं.

१४. «डिस्प्ले» टाइप करा. आता पडद्यावर यादी येईल, आणि ही यादी नीट वाचा. प्रत्येक नावापुढे त्याची जात लिहिलेली असते: व्ही(१), व्ही(२), व्ही(३) यांच्यापुढे व्होल्टेज, व्हीएमच्या शाखेपुढे करंट आणि टाइमपुढे टाइम. सिम्युलेटरने स्वतः मोजलेल्या गोष्टींची जात त्याला ठाऊक असते. पुढे आपण जी गणितं करू त्यांची जबाबदारी मात्र आपली.

आलेख काढा

१५. «प्लॉट व्ही(३)» टाइप करा. उभ्या पट्टीवर व्होल्टचा व्ही दिसेल. शिखर साधारण ९७ व्होल्टला.

१६. «प्लॉट आय(व्हीएम)» टाइप करा. आता पट्टीवर मिलिअँपिअर, शिखर तेच ९७ च्या आसपास. सांभाळा: हा मिली सिम्युलेटरने पट्टीपुरता स्वतः लावलेला आहे. आत साठवलेला आकडा ०.०९७ अँपिअरच आहे. पट्टीवर ९७ दिसलं म्हणून गणितात ९७ घातलंत तर उत्तर हजारपट फुगतं.

१७. आता दोन्ही एकत्र काढा: «प्लॉट व्ही(३) आय(व्हीएम)». करंटची रेघ कुठे गेली? खाली शून्याला चिकटून सपाट पडली आहे. सिम्युलेटर बिघडलेला नाही. ९७ आणि ०.०९७ एकाच पट्टीवर बसवले की असंच होणार. ही चूक एकदा मुद्दाम बघून ठेवा, म्हणजे पुढे सर्किट तुटलंय असं वाटून घाबरणार नाही.

१८. करंट मिलिअँपिअरमध्ये आणा:

लेट आयएमए = आय(व्हीएम)*१०००

लेट म्हणजे एल-ई-टी. नाव ठेवताना सांभाळा: नुसतं आय, ई किंवा सी हे नाव देऊ नका. एनजीस्पाइसमध्ये ही नावं आधीच घेतलेली आहेत: आय हे उणे एकचं वर्गमूळ, ई हा २.७१८ आणि सी हा प्रकाशाचा वेग. नावात आडवी रेघही नको, ती वजाबाकी धरली जाते.

१९. या नव्या मालिकेची जात पुसून टाका: «सेटटाइप नोटाइप आयएमए». सेटटाइप म्हणजे एस-ई-टी-टी-वाय-पी-ई, सलग. का पुसायची? हजाराने गुणल्यावर आकडा मिलिअँपिअर झाला. जात करंटच राहिली तर पट्टीवर ९७ अँपिअर असं छापून येण्याची वेळ येते. ९७ अँपिअर म्हणजे सबंध इमारतीचा मेन उडेल!

२०. पट्टीला स्वतःचं नाव देऊन पुन्हा काढा:

प्लॉट व्ही(३) आयएमए वायलेबल व्होल्ट_मिलिअँपिअर

वायलेबल सलग लिहा, आणि नावाच्या मध्ये जागेऐवजी खालची रेघ. आता काय दिसलं? एकच रेघ! दुसरी गेली नाही, पहिलीच्या बरोबर वर बसली आहे. एक किलोओहममधून जितके मिलिअँपिअर जातात तितकेच व्होल्ट त्याच्यावर पडतात. किलो आणि मिली एकमेकांना खाऊन टाकतात. कागदावर किलोओहम आणि मिलिअँपिअर वापरून गुणाकार करणाऱ्यांना ही खूणगाठ जन्मभर उपयोगी पडते.

वॅट

२१. ताकदीची मालिका तयार करा:

लेट पीडब्ल्यू = व्ही(३)*आय(व्हीएम)

मूळ करंट घ्या, आयएमए नको. गणितात नेहमी मूळ एककं घालायची, सेंटी-मिली शेवटी, माणसाला दाखवण्यापुरतं.

२२. तिची जात ठरवा: «सेटटाइप पॉवर पीडब्ल्यू».

२३. «प्लॉट पीडब्ल्यू» टाइप करा. पट्टीवर वॅट दिसेल. दर १० मिलिसेकंदाला एक उंचवटा, टोक ९.५ वॅटला. अगदी पहिला उंचवटा बाकीच्यांसारखा नसेल, कारण कपॅसिटर रिकामा असताना आपण स्विच टाकलाय. त्याकडे दुर्लक्ष करा.

सांभाळा, आणि या इशाऱ्याला दोन मिनिटं द्याच. सेटटाइप फक्त पाटी बदलतो, आकडा नाही. खात्री करायची असेल तर «सेटटाइप व्होल्टेज पीडब्ल्यू» करून आलेख काढा. तोच उंचवटा, तेच ९.५, आणि पट्टीवर बिनदिक्कत व्होल्ट! बघून झालं की लगेच २२ वी पायरी पुन्हा करून पॉवर परत लावा. डब्यावर मीठ लिहिलं म्हणून आतली साखर बदलत नाही, तशी ही पाटी आहे. डबा उघडून चाखायचं काम आपण आता करणार आहोत.

मोजमाप

२४. आधी वहीत एकक लिहा, व्होल्ट आरएमएस. मग टाइप करा:

मेझ ट्रॅन व्हीआर आरएमएस व्ही(३) फ्रॉम=४०एम टू=६०एम

मेझ म्हणजे एम-ई-ए-एस, फ्रॉम एफ-आर-ओ-एम, टू टी-ओ. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा नको. उत्तर: ६८.९३. त्याच्यापुढे एकक छापलेलं नाही, बघा. मेझ नुसता आकडा देतं. म्हणूनच वही.

२५. एकक लिहा, अँपिअर आरएमएस. मग:

मेझ ट्रॅन आयआर आरएमएस आय(व्हीएम) फ्रॉम=४०एम टू=६०एम

उत्तर ६.८९३ई-०२ असं काहीसं येईल. ई-०२ म्हणजे दशांश चिन्ह दोन घरं डावीकडे: ०.०६८९३ अँपिअर, म्हणजे ६८.९३ मिलिअँपिअर. आला का तो दुसरा ६८.९३? वहीत दोन ओळी एकाखाली एक आहेत, आकडे सारखे आहेत, आणि एककाच्या रकान्याने तुम्हाला वाचवलंय.

२६. एकक लिहा, वॅट सरासरी. मग:

मेझ ट्रॅन पीए एव्हीजी पीडब्ल्यू फ्रॉम=४०एम टू=६०एम

उत्तर ४.७५. सांभाळा: सरासरीसाठी मीन नावाचं फंक्शनही आहे, पण ते साठवलेल्या बिंदूंची सरळ सरासरी काढतं. सिम्युलेटरची पावलं नेहमी सारख्या लांबीची नसतात. जिथे बिंदू दाट तिथे ते जास्त वजन देतं आणि उत्तर झुकतं. मेझ वेळ धरून चालतं, म्हणून तेच वापरा.

२७. एकदा मुद्दाम चूक करा: तीच ओळ टू=५५एम करून आणि पीएच्या जागी पीएक्स नाव देऊन टाइप करा. ५.३३ येईल. माळ तीच, वॅट वाढले? नाही. ४० ते ५५ मध्ये दीड उंचवटे येतात, आणि तो अर्धा उंचवटा नेमका जड बाजूचा आहे. मोजायची खिडकी नेहमी पूर्ण आवर्तनांचीच घ्या. ५० हर्ट्झला ती २० मिलिसेकंदांच्या पटीत.

२८. पडताळा करा: «प्रिंट व्हीआर*आयआर». ४.७५ यायला हवं. आलं? मग व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट हे आपण पाटीवर विश्वास न ठेवता आकड्याने सिद्ध केलं. वहीत पडताळ्याच्या रकान्यात बरोबरची खूण करा.

२९. आता लाइनचं व्होल्टेज मोजा:

मेझ ट्रॅन व्हीएस आरएमएस व्ही(१) फ्रॉम=४०एम टू=६०एम

२३० यायला हवं. १६२.६ आलं तर चौथ्या पायरीत ३२५.२७ च्या जागी २३० टाइप झालंय. परत जा आणि दुरुस्त करा.

३०. वहीत एकक लिहा, पण या वेळी वॅट नाही, व्होल्ट-अँपिअर. मग «प्रिंट व्हीएस*आयआर». उत्तर १५.८५.

इथे बहुतेकजण घसरतात. व्होल्टला अँपिअरने गुणलं, मग वॅटच की! नाही. लाइनचे २३० व्होल्ट आणि माळेचा करंट एकाच वेळी शिखरावर नसतात. कपॅसिटरमुळे करंट आधी धावतो. दोन आरएमएसचा असा गुणाकार दाखवतो तारेवर पडणारा भार, खर्च झालेली वीज नाही. रेझिस्टरवर दोन्ही एकाच तालात होते म्हणून २८ व्या पायरीत ते जमलं. एनजीस्पाइसच्या जातींच्या यादीत व्होल्ट-अँपिअर नाहीच, त्यामुळे हे एकक फक्त तुमच्या वहीत जगणार. ठळक लिहा. मांडवासाठी वायर निवडताना १५.८५ बघायचे, बिलासाठी ४.७५.

३१. «प्रिंट पीए/(व्हीएस*आयआर)» टाइप करा. ०.२९९७ येईल. कंस विसरलात तर आधी व्हीएसने भागलं जाईल आणि मग गुणलं जाईल, म्हणजे भलताच आकडा. एककाच्या रकान्यात आडवी रेघ मारा: वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, उरलं काहीच नाही. हा पॉवर फॅक्टर.

३२. एकक लिहा, ज्यूल. मग:

मेझ ट्रॅन ईजे इंटेग पीडब्ल्यू फ्रॉम=४०एम टू=६०एम

इंटेग म्हणजे आय-एन-टी-ई-जी. उत्तर ०.०९५०. ही एका आवर्तनाची ऊर्जा. पडताळा तोंडी होतो: ४.७५ वॅट गुणिले ०.०२ सेकंद.

अंश की रेडियन

३३. एकाच वारंवारतेवर एसी विश्लेषण चालवा: «एसी लिन १ ५० ५०». लिन म्हणजे एल-आय-एन. चौथ्या पायरीत «एसी १» लिहिलं होतं ते यासाठीच. ते राहिलं असेल तर सगळीकडे शून्य येईल.

३४. «प्रिंट पीएच(व्ही(३))» टाइप करा. १.२६६ येईल. हे रेडियन आहेत. सवयीने अंश समजलात तर करंट आणि व्होल्टेज जवळपास एकत्रच चालतात असा उलटा निष्कर्ष निघेल.

३५. अंश मागा: «सेट युनिट्स=डिग्रीज». दोन्ही शब्द इंग्रजी अनेकवचनात, शेवटी एस.

३६. तीच प्रिंटची ओळ पुन्हा टाइप करा. आता ७२.५६. कोन तोच, फक्त एकक बदललं.

३७. «प्रिंट कॉस(पीएच(व्ही(३)))» टाइप करा. ०.२९९७! ३१ व्या पायरीत वॅट आणि व्होल्ट-अँपिअरच्या भागाकाराने आलेला आकडा इथे कोनातून आला. दोन वेगळ्या वाटांनी एकाच दारात पोहोचलो, याचा अर्थ मधली सगळी एककं जागेवर आहेत. सांभाळा: सेट युनिट्सचा परिणाम कॉस, साइन सगळ्यांवर होतो. अंशाची सेटिंग न लावता हाताने कॉस(७२.५६) टाइप केलंत तर उणे ०.९५ येईल.

३८. «सेटप्लॉट ट्रॅन१» टाइप करून मागच्या मोजमापाकडे परता. एसी चालवल्यावर सिम्युलेटर नव्या खोलीत गेलेला असतो, आणि तिथून पीए किंवा ईजे हाक मारून सापडत नाहीत. मधे पुन्हा रन केलं असेल तर शेवटचा आकडा १ च्या पुढचा असेल. नुसतं सेटप्लॉट टाइप केलं की यादी दिसते.

विजेच्या बिलाचं युनिट

आता ज्या एककाला आपण सगळे घरात युनिटच म्हणतो ते. महावितरणच्या बिलावरचं १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजे ३६ लाख ज्यूल.

३९. समजा मांडवात अशा १०० माळा आहेत, रोज ६ तास, नऊ रात्री. वहीत एकक लिहा, युनिट. मग:

प्रिंट पीए*१००*६*९/१०००

२५.६६. शेवटचं हजाराने भागणं विसरलात तर ते वॅट-तास राहतात आणि मंडळाच्या खजिनदारांना धडकी भरते.

४०. हेच ज्यूलकडून ताडून बघा. सेकंदात ५० आवर्तनं आणि तासात ३६०० सेकंद:

प्रिंट ईजे*५०*३६००*६*९*१००/३.६ई६

पुन्हा २५.६६. इथे ३.६एम लिहू नका, आठवतंय ना, एम म्हणजे मिली.

आता एकट्याने

४१. फाइलमध्ये १यू च्या जागी ०.४७यू लिहा आणि साठवा.

४२. पुन्हा सोर्स करा.

४३. पुन्हा रन करा.

४४. लेट आणि सेटटाइपच्या २१ आणि २२ व्या पायऱ्या नव्याने करा. नव्या रनमध्ये जुनी पीडब्ल्यू येत नाही. जुन्याच पीएचा आकडा वाचून पुढे जाणं ही इथली हमखास चूक.

४५. २५ आणि २६ व्या पायऱ्या पुन्हा करा, एककं आधी लिहून. करंट ३३.६ मिलिअँपिअर आणि ताकद १.१३ वॅट आली की जमलं. कपॅसिटर निम्म्याच्या जवळ आला, वॅट मात्र चौथ्या हिश्श्याच्याही खाली गेले. माळ मंद का दिसते ते आता तुमच्या वहीतच लिहिलेलं आहे. १.१३ च्या डावीकडे वॅट लिहिलंय ना, तेवढं बघा आणि मग क्विट टाइप करा.